पेठांचे कोल्हापूर: सूर्यास्तापूर्वीची एक फेरी

शिलाहार राजा गंडरादित्य याच्या कारकिर्दीत, शके १०५८ मध्ये, म्हणजे इसवी सन ११३५ च्या सुमारास, कोल्हापुरात एक कन्नड शिलालेख कोरण्यात आला. राजाचा सामंत निंबदेव याने कवडेगोल्ल नावाच्या बाजारपेठेत भगवान पार्श्वनाथांची बसदी बांधली होती. त्या प्रसंगी गावोगावच्या पेठांतून आलेले व्यापारी संघाचे प्रतिनिधी एकत्र बसले आणि बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील उत्पन्नाचा ठरावीक भाग त्यांनी बसदीच्या खर्चासाठी लावून दिला. बसदी बांधली सामंताने. ती चालविण्याची जबाबदारी उचलली ती बाजाराने. त्या हाटात जिन्नस विकत घेणाऱ्या साध्या गिऱ्हाइकाच्या पैशातलाही एक अंश नकळत त्या दिव्याच्या तेलात जात होता.

या लेखाला जवळजवळ नऊशे वर्षे होत आली. कवडेगोल्लचा तो हाट आज त्या नावाने कोणी ओळखत नाही. परंतु देऊळ, बाजार आणि कला यांनी एकमेकांच्या आधाराने उभे राहावे ही कोल्हापूरची रीत मात्र बदललेली नाही. या शहराच्या पेठा पायी फिरून पाहिल्या, तर ती रीत आजही डोळ्यांना दिसते. तिच्यापैकी काय टिकले, काय मोडकळीस आले आणि काय आपल्या खरेदीवर अवलंबून आहे, हेही तेथेच कळते.

पुण्या-मुंबईची जैन कुटुंबे कोल्हापूरला येतात ती बहुधा कुंभोज-बाहुबलीच्या यात्रेला जोडून. बाहुबलींच्या २८ फूट उंच मूर्तीचे दर्शन घ्यावयाचे, वाटेत पन्हाळा पाहावयाचा आणि परत फिरावयाचे, असा साधारण बेत असतो. शहरात थांबण्याचा विषय निघाला की ‘तांबडा-पांढरा रस्सा आणि चामड्याच्या चपला यांच्या गावात आपल्याजोगे काय आहे?’ असा प्रश्न कोणीतरी विचारतोच. प्रश्न अगदीच निराधार नाही. तरीही त्याचे उत्तर पेठांतूनच मिळते, आणि सकाळी लवकर निघाल्यास सूर्यास्तापूर्वी पुरते मिळते.

शुक्रवार पेठ आणि गंगावेश

फेरीचा आरंभ शुक्रवार पेठेतून करावा. येथे लक्ष्मीसेन भट्टारकांचा मठ आहे. दिल्ली, कोल्हापूर, जिनकांची आणि पेनुगोंडा या चार विद्यासिंहासनांत परंपरेने ज्याची गणना होते, ते कोल्हापूरचे पीठ हेच. मठाच्या आवारातील भगवान आदिनाथांच्या भव्य मूर्तीसमोर क्षणभर उभे राहिल्यावर बाहेरच्या पेठेचा गलबला दूर जातो. ज्या निंबदेवाचा उल्लेख वर आला, तो माघनंदी आचार्यांचा शिष्य होता आणि त्यानेच कोल्हापुरात रूपनारायण बसदी उभारली. पंचगंगेच्या काठचे हे नगर त्या काळी जैन विद्येचे केंद्र होते, ही गोष्ट आपल्याच घरातील तरुण पिढीला ठाऊक नसते. ती सांगण्यास या आवाराहून योग्य जागा नाही.

मठातून निघून पंचगंगेच्या दिशेने गेले की ब्रह्मपुरीची टेकडी लागते. १९४० च्या दशकात येथे झालेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली आणि तीत रोमन जगाशी नाते सांगणाऱ्या कांस्यवस्तू मिळाल्या. त्यांपैकी ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची, छोटी मूर्ती सर्वांत प्रसिद्ध आहे. समुद्रापासून इतक्या अंतरावर, सह्याद्री ओलांडून समुद्राचा देव आला, तो व्यापाऱ्यांच्या गाठोड्यांच्या सोबतीने. बाजार हा या नगराचा किती जुना स्वभाव आहे, हे त्यावरून ध्यानात येते.

गंगावेशचा दूध कट्टा पाहण्यासारखा आहे. म्हशी येथे आणून गिऱ्हाइकासमोर दूध काढून देण्याची पद्धत कोल्हापूरकरांनी जपली आहे. तालमीत कसरत करणाऱ्या मल्लांच्या खुराकाशी तिचे नाते आहे. धारोष्ण दूध घ्यावयाचे तर ते गाळून आणि शास्त्रोक्त मर्यादेत, म्हणजे ४८ मिनिटांच्या आत घ्यावे, हे आपल्याकडील ज्येष्ठांना सांगावे लागत नाही. दूध घ्यावे की न घ्यावे यावर अलीकडे तरुण जैनांत जी चर्चा चालते, तीही येथे उभे राहून करण्याजोगी आहे. निदान जनावर, त्याचा मालक आणि पिणारा हे तिघेही येथे एकमेकांसमोर असतात. पिशवीतल्या दुधात ही सोय नाही.

गुजरी

अंबाबाईच्या देवळालगतची गुजरी ही सोन्या-चांदीची पेठ. कोल्हापुरी साज हा तिचा मानबिंदू. पूर्ण साजात २१ पाने धरतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक आणि पाचू यांची, आणि एक डोरल्याचे किंवा ताइताचे. आता दहा-बारा पानांचे साजही सर्रास होतात. पानांच्या मधोमध जवाच्या दाण्यासारखे मणी ओवलेले असतात. अष्टमंगलांची संकल्पना आपल्याही परंपरेत आहे. जिनमंदिरातील कलश, दर्पण, चामर, छत्र ही मंगलद्रव्ये ज्यांच्या नित्य परिचयाची आहेत, त्यांना सोन्याच्या पानावर कोरलेली शुभचिन्हे पाहताना परकेपणा वाटत नाही. एकाच भूमीतील दोन परंपरांनी शुभाची भाषा वाटून घेतली, असे म्हणता येईल.

साजाची कारागिरी नाजूक असते. सोन्याचा पातळ पत्रा ठशावर ठोकून त्याला आकार द्यावयाचा, जोडकाम करावयाचे आणि आतील पोकळीत लाख भरावयाची, असे हे काम आहे. त्यामुळे कमी सोन्यात भरदार दागिना होतो. येथेच ग्राहकाने जागरूक राहावे. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, लाखेचे वजन आणि मजुरी ही तिन्ही वेगवेगळी लिहून घ्यावीत. वजनाचा एकच आकडा लिहिलेली पावती पुढे दागिना मोडताना किंवा तारण ठेवताना निरुपयोगी ठरते, आणि मग लाखेला सोन्याचा भाव दिल्याचा पश्चात्ताप होतो. सचोटीचा सराफ अशी पावती न मागता देतो.

कोल्हापूरपासून जवळच असलेले हुपरी हे गाव चांदीच्या पैंजणांसाठी देशभर ओळखले जाते, आणि त्या उद्योगात जैन कुटुंबांचा मोठा वाटा आहे. गुजरीत हुपरीचे काम पाहावयास मिळते. मात्र या पेठांच्या रस्त्यांवर आज सोन्याचा मुलामा दिलेले साज ढिगाने मिळतात. साचातून शेकड्यांनी निघणारे ते दागिने सणासुदीला पुरेसे असतात, यात शंका नाही. पण हाताने ठसा ठोकणारा कारागीर त्याच्या मजुरीवर जगतो. ती मजुरी देणारे गिऱ्हाईक संपले, तर त्याचा मुलगा ठशाला हात लावणार नाही. परिग्रहाचे परिमाण ठेवणाऱ्यांनी पाच नकली दागिन्यांपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालणारा एक घ्यावा किंवा मुळीच घेऊ नये. दोन्ही गोष्टी व्रताला धरूनच आहेत.

चप्पल लाईन आणि भाऊसिंगजी रोड

भवानी मंडपाच्या परिसरातील चपलांच्या दुकानांपाशी जैन पाहुण्याची पावले अडखळतात. कापशी, पुकारी, बक्कलनाली अशा प्रकारांनी दुकाने भरलेली असतात. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले चामडे, चामड्याच्याच वादीची शिवण आणि हाताचे विणकाम ही त्यांची वैशिष्ट्ये. २०१९ साली या चपलेला महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्ह्यांसाठी भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात अगदी अशाच घाटाच्या चपला कोल्हापूरचे नावही न घेता मांडल्या. गदारोळ झाल्यावर प्रेरणा भारतीय पादत्राणांची असल्याचे कंपनीला मान्य करावे लागले.

चामडे न वापरण्याचा नियम असलेल्यांनी या चपला घेऊ नयेत, हे उघड आहे. पण न घेणे वेगळे आणि नाक मुरडणे वेगळे. ज्याच्या हातून ही कला उतरते, त्या समाजाला शतकानुशतके गावाबाहेर ठेवण्यात आले, आणि त्या अन्यायात अहिंसेचे नाव घेणारेही निर्दोष राहिले असे म्हणता येत नाही.

हे समजून घेण्यासाठी जवळच्या भाऊसिंगजी रोडवर यावे. अस्पृश्य मानलेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी याच रस्त्यावर हॉटेल घालण्यास साहाय्य केले. ‘सत्यसुधारक’ हे त्याचे नाव. महाराज आपली गाडी तेथे थांबवून स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. शहरात कोठे काय खावे याच्या याद्या पुष्कळ निघतात. कोणाच्या हातचे खावे हा प्रश्न ज्या एका कपाने सोडविला, त्या हॉटेलची आठवण मात्र त्या यादीत नसते. आपल्या घरात भक्ष्याभक्ष्याचा विचार कसोशीने होतो. तो पदार्थाचा असावा, माणसाचा नसावा, हा धडा या रस्त्याने दिला आहे.

टाउन हॉल आणि दसरा चौक

याच रस्त्याने पुढे गेल्यावर टाउन हॉलची गॉथिक धाटणीची इमारत दिसते. तेथील संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या वस्तू आहेत आणि कोल्हापूरच्या चित्रकारांचे कामही आहे. आबालाल रहिमान यांची निसर्गचित्रे सावकाश पाहावीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या चित्रकाराने नावलौकिकासाठी मुंबई धरली नाही. रंकाळा, कोटितीर्थ आणि संध्यामठ यांच्या परिसरातील पाणी आणि प्रकाश रंगविण्यात आयुष्य घालविले. १९३१ साली त्यांचे निधन झाले. सवड असल्यास राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयही पाहावे. पडद्यावर नायक म्हणून गाजलेल्या या कलावंताने आपले राहते घर आणि चित्रे समाजाला देऊन टाकली.

दसरा चौकाचे महत्त्व जैन वाचकासाठी विशेष आहे. शाहू महाराजांनी विविध समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांना आश्रय दिला, त्यांतील जैन बोर्डिंग १९०१ सालचे. बोर्डिंगच्या उभारणीत पुढाकार घेणारे अण्णासाहेब लठ्ठे पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. कुंभोजला जन्मलेले भाऊराव पाटील याच बोर्डिंगमध्ये राहून शिकले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ते कर्मवीर झाले. व्यापाऱ्याचे दान, राजाचा आश्रय आणि विद्यार्थ्याची जिद्द यांचा हिशेब जेथे जुळला, अशी ही जागा आहे. तिच्याजवळून जाताना मुलांना थांबवून हे सांगावे.

लक्ष्मीपुरी आणि शाहूपुरी

लक्ष्मीपुरीत धान्याचा आणि मसाल्याच्या जिनसांचा बाजार आहे. उन्हाळा लागला की येथे ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांचे ढीग लागतात, कारण कोल्हापुरात वर्षाची चटणी घालण्याचे ते दिवस. मिरची, सुके खोबरे, तीळ, धणे आणि खडा मसाला भाजून डंकावर कुटतात. कोल्हापुरी चटणीत कांदा-लसूण हवेच असा समज आहे. या भागातील अनेक जैन घरांत मात्र चातुर्मासासाठी आणि नेमाच्या माणसांसाठी त्यांवाचूनची चटणी वेगळी कुटून ठेवतात. खोबरे आणि तीळ किंचित अधिक, जोडीला हिंग, एवढ्यावर तिचा कस टिकतो. मिसळीचा कट बाहेर मात्र कांदा-लसणावाचून सहसा मिळत नाही. ज्यांना तो वर्ज्य आहे, त्यांनी लक्ष्मीपुरीतून जिन्नस न्यावेत आणि मोड आलेल्या मटकीची मिसळ घरीच करावी. तिच्याबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड ही कोल्हापूरची रीत पाळावी की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

रेल्वे स्थानकाजवळची शाहूपुरी ही महाराजांनी १८९५ साली गुळाच्या व्यापारासाठी वसविलेली पेठ. व्यापाऱ्यांना जागा आणि सवलती दिल्या, की पेठ आपोआप फुलते, हे त्यांनी ओळखले होते. गुळाचे सौदे आता मार्केट यार्डात होतात आणि दिवाळीच्या पाडव्याला त्यांचा मुहूर्त असतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही बाहेरून आलेला किंवा साखर मिसळलेला गूळ ‘कोल्हापुरी’ म्हणून सर्रास विकला जातो. रंगाने पिवळाधमक आणि चकचकीत तो उत्तम, ही समजूत सोडून द्यावी. उसाचा रस रानभेंडीच्या चिकाने निवळून, रसायने न घालता केलेला गूळ तपकिरी असतो. दिसण्यास साधा, पण चवीस खरा. गुऱ्हाळघरे एकामागून एक बंद पडत असताना चकाकीला भुललेले गिऱ्हाईक प्रामाणिक गुऱ्हाळवाल्याचे नुकसान करते.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीची दैना आणखी वेगळी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन महापुरांत पंचगंगेचे पाणी येथे शिरले, ते नेमके गणेशोत्सवाच्या तोंडावर. वर्षाची कमाई ज्या मूर्तींवर अवलंबून, त्या मातीच्या मूर्ती पाण्यात उभ्या होत्या. त्यानंतरही गल्ली पुन्हा कामाला लागली. कारागिराकडे बहुधा विमा नसतो, साठा असतो; आणि साठाच बुडाला तर पुढच्या हंगामाचे भांडवल कर्जातून येते. अशा गल्लीत घासाघीस करताना हे लक्षात असावे.

खासबाग

दिवस कलताना खासबागेकडे वळावे. १९१२ सालचे कुस्तीचे मैदान आणि त्याला लागूनच १९१५ सालचे पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह, ही दोन्ही शाहू महाराजांची देणगी. मल्ल आणि गायकनट यांना भिंतीला भिंत लावून जागा देणारे नगर विरळाच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री या नाट्यगृहाला भीषण आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. जळालेल्या वास्तूसमोर वयस्क कलावंत डोळे पुसत उभे होते. पुनर्बांधणी हाती घेण्यात आली. पण शंभर वर्षांच्या सुरांनी मुरलेले लाकूड पुन्हा मिळत नाही.

येथून जवळ खरी कॉर्नरला उभारलेले कॅमेऱ्याचे स्मारक कलामहर्षी बाबूराव पेंटर यांची आठवण देते. त्यांनी स्वदेशी कॅमेरा बनवून महाराष्ट्र फिल्म कंपनी चालविली. १९२५ सालच्या ‘सावकारी पाश’ या त्यांच्या मूकपटात सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावून शहरात मजूर झालेला शेतकरी दाखविला होता, आणि तरुण व्ही. शांताराम त्यात होते. व्यापार आणि सावकारी ज्या समाजात चालत आली, त्याने हा विषय अधूनमधून आठवावा. याच शहरात १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी जन्मली.

खासबागेच्या खाऊ गल्लीत भेळ प्रसिद्ध आहे. कांदा आणि बटाटा न घालता ती सांगून करून घेता येते. चुरमुरे, फरसाण, चिंच-गुळाचे पाणी आणि कैरीच्या दिवसांत कैरी, एवढ्यावर ती छान लागते. चटणीत लसूण आहे का, हे आधी विचारून घ्यावे. विचारल्याचा कोल्हापुरात कोणी राग मानीत नाही, उलट गाडीवाला स्वतःहून दोन गोष्टी अधिक सांगतो. गोड हवे असल्यास जिलेबी घ्यावी. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला जिलेबी आणण्याची कोल्हापूरकरांची प्रथा एवढी पक्की आहे, की त्या दिवशी दुकानांपुढे रांगा लागतात.

दिवेलागणीपूर्वी

चौविहार पाळणाऱ्यांनी जेवण उरकून रंकाळ्याच्या काठी यावे. आबालालांनी पुन्हा पुन्हा रंगविलेला प्रकाश तेथे याच वेळी उतरतो. पिशवीत गुळाचा एक रवा, चटणीचे जिन्नस, कदाचित एखादे पैंजण, एवढे असले तरी फेरी सार्थकी लागली. काही घेतले नाही तरी बिघडत नाही.

मात्र जे घेतले, ते कोणाकडून घेतले याचा हिशेब मनाशी करावा. शके १०५८ मध्ये व्यापाऱ्यांनी विक्रीतला वाटा बसदीला लावून दिला, तेव्हा तो ठराव दगडावर कोरला गेला. आजच्या गिऱ्हाइकाचा ठराव कोठेही कोरला जात नाही, तरी तो दररोज अमलात येतो. हाताचा साज की साच्याचा, तपकिरी गूळ की पिवळा, मातीची मूर्ती की प्लास्टरची, यांतून प्रत्येक वेळी कोणती गल्ली पुढील पिढीपर्यंत उघडी राहील हे ठरते. निंबदेवाच्या हाटाचे नाव पुसले गेले. गुजरी, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी आणि खासबाग ही नावे अजून जिभेवर आहेत. ती तशी राहावीत एवढा वाटा आपल्या खरेदीतून देणे फारसे कठीण नाही.